कडाव परिसरात गुलाबाची छाटणी नेमकी कधी करावी? पावसाचा अंदाज, कापण्याची पद्धत आणि महिनावार कामं

कडाव (ता. कर्जत) : अंगणातला गुलाब पहिल्या वर्षी भरपूर फुलतो, दुसऱ्या पावसाळ्यात पानं गाळतो आणि दिवाळीपर्यंत वरून खाली काळा पडत वाळतो. कर्जत-खालापूर पट्ट्यात हे घरोघरी दिसतं. लोक म्हणतात, "आपल्याकडं गुलाब टिकत नाही." पण बऱ्याच वेळा दोष मातीचा किंवा रोपाचा नसतो. कात्री चुकीच्या महिन्यात लागलेली असते.

मोबाईलवर गुलाब छाटणीचे शेकडो व्हिडिओ आहेत. त्यातले काही दिल्ली-लखनौकडचे, काही परदेशातले, काही पॉलिहाऊसवाल्यांचे. ते त्यांच्या जागी बरोबर आहेत, पण कडाव, कशेळे, नेरळ, चौक, खोपोली या भागातला पाऊस त्यांच्याकडे नाही. म्हणून आपल्या हवामानाला धरून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत. जपून ठेवा, दरवर्षी कामाला येईल.

थोडक्यात उत्तर

• मुख्य छाटणी वर्षातून एकदाच : परतीचा पाऊस पूर्ण थांबल्यावर, साधारण १५ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर.
• पावसाआधी फक्त साफसफाई : मे महिन्याचा शेवटचा आठवडा. वाळलेलं, रोगट आणि गर्दी करणारं तेवढंच काढायचं.
• जून ते सप्टेंबर : छाटणी बंद. मोडलेली किंवा काळी पडलेली फांदी आणि खुंटाचा फुटवा एवढंच काढावं.
• मार्च ते मे : जोरकस छाटणी नाही. सुकलेली फुलं काढत राहायची.
• छाटणीपासून फुलापर्यंत : साधारण ४५ ते ५० दिवस.

आपल्याकडची वेळ वेगळी का?

गुलाबाचं फूल नव्या फुटव्यावर येतं. छाटणी म्हणजे झाडाला नवे, जोमदार फुटवे काढायला लावणं. हे फुटवे कोणत्या हवेत वाढणार, यावर फूल कसं येणार ते ठरतं. म्हणून छाटणीची तारीख फुलांच्या हंगामाच्या दीड महिना आधी येते.

इंग्लंडसारख्या थंड देशात हिवाळ्यात झाड झोपलेलं असतं. तिथं कडक थंडी सरत आल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाब छाटतात आणि फुलं उन्हाळ्यात येतात. आपल्याकडं उलट आहे. गुलाबाला मानवणारी हवा आपल्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच मिळते : कोरडी हवा, थंड रात्री, स्वच्छ ऊन. म्हणून छाटणी थंडीच्या तोंडावर. परदेशी पुस्तकात बघून फेब्रुवारीत खोल छाटणी केली तर कोवळे फुटवे थेट मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडतात. फुलं लहान येतात, पाकळ्यांच्या कडा करपतात.

दिल्ली किंवा उत्तर प्रदेशात ऑक्टोबरच्या सुरुवातीला कात्री लावली तरी चालते, कारण तिथून पाऊस लवकर निघून जातो. आपल्याकडं तसं नाही. हवामान खात्याने २०२० पासून मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरली आहे, आधी ती २९ सप्टेंबर होती. म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा आपल्यासाठी अजून पावसाळाच. त्यात घाटाच्या पायथ्याला असल्यामुळे दुपारी ढग भरून येऊन गडगडाटासह सर पडणं हे नेहमीचंच.

द्राक्षवाल्यांचं उदाहरण बघा. नाशिककडे वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की त्यांची झोप उडते, कारण नव्या फुटीवर रोग येतो. गुलाबाचंही गणित तेच आहे. कोवळी फूट आणि पाऊस यांची गाठ पडू द्यायची नाही.

पॉलिहाऊसचे व्हिडिओ बघून गोंधळ होतो

घाट चढून गेलं की मावळात, तळेगाव परिसरात, गुलाबाची पॉलिहाऊस आहेत. १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी तिथले शेतकरी डिसेंबरमध्येच फुटवे धरायला सुरुवात करतात. तिथं झाडाच्या डोक्यावर प्लास्टिकचं छप्पर असतं, पाणी ठिबकने मोजून दिलं जातं आणि फांद्या कापण्याऐवजी बऱ्याच वेळा वाकवून ठेवतात. त्यामुळे वाकलेल्या फांद्यांची पानं अन्न तयार करतात आणि बुडातून लांब दांड्याचे फुटवे येतात. अंगणातल्या किंवा बांधावरच्या गुलाबाला ही पद्धत जशीच्या तशी लागू होत नाही. तो उघड्यावर आहे, त्याचं वेळापत्रक पाऊस ठरवतो.

पावसाळ्यात कात्री का नको?

कर्जत तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि त्याहून जास्तही पाऊस पडतो. या पावसात तीन गोष्टी घडतात.

पहिली, कापलेली जागा सुकत नाही. कोरड्या हवेत कापलेलं टोक लवकर वाळतं. पावसात ते दिवसचे दिवस ओलं राहतं आणि तिथून बुरशी आत शिरते. मग फांदी कापल्या जागेपासून खाली काळी-तपकिरी होत जाते. यालाच डायबॅक म्हणतात, आपल्याकडे लोक "वरून मर लागली" म्हणतात. वेळेत थांबवली नाही तर ती कलमाच्या जोडापर्यंत उतरते आणि झाड गेलं म्हणून समजा.

दुसरी, पानांवर काळे ठिपके येतात. या बुरशीला रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं तरी पुरतं. जुलैत आपल्याकडं पान सुकतंच कधी? पावसाचे थेंब जमिनीवर आपटून उडतात आणि खालच्या पानांवर रोग चढवतात. छाटून आलेली कोवळी फूट यात सर्वांत आधी सापडते.

तिसरी, झाडाकडे साठा उरत नाही. पानं गळाली की अन्न तयार होत नाही. त्यात फांद्याही कापल्या तर साठवलेलं अन्नही जातं. अशा झाडाला पुन्हा उभं राहायला ताकद कुठून येणार?

म्हणून पावसाळ्यात गुलाब कितीही वेडावाकडा वाढला, भुंडा दिसला, तरी हात आवरायचा. वाऱ्याने मोडलेली फांदी किंवा काळी पडत चाललेली फांदी मात्र लगेच कापा. ती उघडीप बघून, निरोगी भागापर्यंत कापायची आणि कापल्या जागी मलम लावायचं.

पाऊस गेला हे ओळखायचं कसं?

तारीख हा अंदाज आहे, खूण जास्त महत्त्वाची. खालच्या गोष्टी जुळल्या की कात्री काढा.

• सलग पाच-सहा दिवस कोरडे गेले आहेत.
• सकाळी दव पडायला लागलं आहे आणि दुपारी ऑक्टोबरचं ऊन चटकायला लागलं आहे.
• हळवं भात कापून झालं आहे किंवा कापणी जोरात चालू आहे. ज्या उघडिपीवर भात कापायचा विश्वास वाटतो, तीच उघडीप गुलाबाला चालते.
• मोबाईलवरच्या अंदाजात पुढचे तीन-चार दिवस पाऊस नाही.

बहुतेक वर्षी हा काळ कोजागिरी ते दिवाळी यांच्या मध्ये येतो. मात्र अधिक महिना आला की सण पुढे सरकतात, त्यामुळे नुसत्या सणावर विसंबू नका. पाऊस लांबला तर छाटणीही लांबवा. ५ नोव्हेंबरऐवजी १५ नोव्हेंबरला छाटलं तर फुलं दहा दिवस उशिरा येतील, एवढंच. पण पावसात छाटलं तर झाडच हातचं जाऊ शकतं.

छाटणीआधीची तयारी

पाणी : जमिनीतल्या झाडाचं पाणी छाटणीआधी सात-आठ दिवस तोडा. भाताच्या खाचरासारखी जड माती असेल तर ओल तशीही टिकून असते. कुंडीतल्या झाडाला मात्र दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त ताण देऊ नका, कुंडी लवकर सुकते.

हत्यार : फांदी कापायला चांगली धार असलेलं सिकेटर वापरा, ज्यात एक पातं दुसऱ्याला घासून जातं ते. विळ्याने ओढून कापलं की साल सोलली जाते, कोयत्याने फांदी चिरते. अशी फाटलेली जागा भरून येत नाही. अंगठ्याएवढ्या जाड जुन्या लाकडाला बारीक दातांची करवत घ्या.

स्वच्छता : एका झाडाचं काम झालं की पातं स्पिरिटच्या किंवा सॅनिटायझरच्या फडक्याने पुसा. रोगट झाड सर्वांत शेवटी घ्या. हातात जाड हातमोजे आणि पायात चप्पल-बूट हवेतच. काट्याची जखम पिकते. माती लागली असेल तर जखम साबणाने धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते दवाखान्यात सांगा.

वेळ : सकाळी दव सुकल्यावर, साधारण नऊनंतर.

छाटणी : पायरीपायरीने

१. आधी मेलेलं काढा. वाळलेल्या, काळ्या, तपकिरी फांद्या बुडाकडे कापत या. कापलेल्या तोंडाकडे बघा. मधला गर पांढरा किंवा हिरवट-पांढरा असेल तर फांदी जिवंत आहे. गर तपकिरी असेल तर अजून खाली कापा. पांढरा गर दिसेपर्यंत थांबू नका.

२. मग बारीक काढा. पेन्सिलपेक्षा बारीक, अशक्त काड्या चांगलं फूल देत नाहीत. त्या मुळापासून काढा.

३. एकमेकींना घासणाऱ्या आणि झाडाच्या आत वळलेल्या फांद्यांपैकी कमजोर फांदी काढा. झाड मधून मोकळं, वाटीसारखं दिसलं पाहिजे. आत ऊन-वारा शिरला की पानं लवकर सुकतात आणि रोग कमी होतो.

४. चार ते सहा जोमदार फांद्या ठेवा. त्या बुडाभोवती चहूबाजूंना पसरलेल्या असाव्यात. खूप जुनी, राखाडी, खडबडीत सालीची एखादी फांदी दरवर्षी बुडातून काढली तर झाड तरुण राहतं. मात्र सगळ्या जुन्या फांद्या एकदम काढू नका.

५. उरलेल्या फांद्यांची उंची कमी करा. फांदीवर पानाच्या बेचक्यात बारीक फुगीर ठिपका दिसतो, तो डोळा. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला, टपोरा डोळा निवडा. त्याच्या वर पाव इंच सोडून तिरका काप घ्या. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे दव किंवा पाणी डोळ्यावर ओघळणार नाही. डोळ्याला अगदी चिकटून कापलं तर डोळा सुकतो, इंचभर वर कापलं तर उरलेला तुकडा वाळतो आणि तिथून मर सुरू होते.

६. झाडावर उरलेली काळ्या ठिपक्यांची पानं हाताने काढा. खाली पडलेली पानं आणि काड्या झाडून गोळा करा आणि खड्ड्यात खोल पुरा. शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नका, रोग परत बागेत येतो.

किती कापायचं? झाड बघून ठरवा

हायब्रीड टी (एका दांड्यावर एक मोठं फूल, ग्लॅडिएटरसारखे) : जमिनीपासून दीड ते दोन फूट ठेवा. थंड देशात हे झाड वीतभर ठेवूनही कापतात, पण आपल्या उष्ण हवेत मध्यम छाटणीच मानवते. खूप खाली कापलं तर फुलं मोठी पण मोजकी येतात आणि कमजोर झाड दगावतं.

फ्लोरिबंडा (झुपक्याने येणारी फुलं) : एकूण उंचीचा वरचा एक तृतीयांश भाग कापा. थोड्या जास्त फांद्या ठेवल्या तरी चालतं.

बटण गुलाब : वरून तिसरा हिस्सा कापून गोल आकार द्या आणि आतल्या वाळक्या काड्या काढा.

गावठी गुलाब (गुलाबी, वासाचा, गुलकंदाला वापरतात तो) : हा काटक आहे. तिसरा हिस्सा कापला आणि वाळलेलं काढलं की पुरे.

वेली गुलाब : इथं बहुतेक लोक चुकतात. लांब मुख्य फांद्या कापायच्याच नाहीत. त्या कुंपणावर किंवा मांडवावर आडव्या बांधा. आडव्या फांदीवर जागोजागी डोळे फुटतात आणि फुलं सगळीकडे येतात. फुलून गेलेल्या बाजूच्या फांद्या तेवढ्या दोन-तीन डोळे ठेवून कापा. लावल्यापासून पहिली दोन वर्षं फक्त वाळलेलं काढा.

पहिल्या वर्षाचं रोप : जून-जुलैत लावलेल्या रोपाला ऑक्टोबरमध्ये फक्त शेंडे आणि वाळकं काढा. आधी मूळ धरू द्या.

खुंटाचा फुटवा : गुलाब "रानटी" का होतो?

"लाल गुलाब लावला होता, आता बारीक पांढरी फुलं येतात" ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नर्सरीतला गुलाब हा कलम असतो. खाली काटक रानगुलाबाचा खुंट आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा भरलेला. जोडाच्या खालून फूट आली तर ती खुंटाची असते. ती वेगाने वाढते, अन्न खाते आणि वरची जात हळूहळू मरते.

ओळख पानं मोजून करू नका. "सात पानांची फांदी म्हणजे रानटी" असं सांगतात, पण चांगल्या जातीच्या फांदीवरही सात पानांची दांडी येते. खरी खूण म्हणजे फूट कुठून निघाली ती जागा. माती थोडी बाजूला करून बघा. जोडाच्या, म्हणजे बुडाकडच्या गाठीच्या, खालून निघाली असेल तर ती मुळाशी धरून ओढून काढा. वरवर कापली तर तिथून दोन-तीन फुटवे परत येतात. हे काम बारा महिने करायचं, पावसाळ्यातही.

कापल्या जागेला मलम : घरी कसं करायचं?

पोफळी-नारळवाल्या रायगडात बोर्डो नवं नाही. गुलाबाच्या कापांसाठी दहा टक्क्यांचं बोर्डो मलम वापरतात.

• मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर.
• प्लास्टिकच्या एका भांड्यात अर्ध्या लिटर पाण्यात मोरचूद विरघळवा. दुसऱ्या भांड्यात उरलेल्या पाण्यात चुना विरवून थंड होऊ द्या. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका.
• मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओता आणि लाकडी काडीने ढवळत राहा.
• त्यात स्वच्छ लोखंडी खिळा किंवा सुरी बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर थोडा चुना अजून घाला.
• जुन्या ब्रशने कापलेल्या तोंडावर लावा. त्याच दिवशी वापरा, उरलेलं ठेवू नका.

दोन-चारच झाडं असतील तर एवढा खटाटोप नको. कृषी सेवा केंद्रात कॉपर ऑक्सिक्लोराईड मिळतं. त्याची पाण्यात दाटसर पेस्ट करून लावली तरी काम होतं. शेण किंवा हळद लावण्याची रीत घरोघरी आहे. काहीच न लावण्यापेक्षा हळद बरी, पण ताजं शेण ओल धरून ठेवतं, म्हणून जाड काप तांब्याच्या औषधानेच बंद करणं भरवशाचं. मोरचूद विषारी आहे. मुलं, गुरं आणि कोंबड्या यांच्यापासून लांब ठेवा आणि हात साबणाने धुवा.

छाटणीनंतरचे ५० दिवस

पहिले दोन दिवस : बुडाभोवतीची माती तीन-चार इंच हलकी खणा. जोड मातीत गाडला गेला असेल तर मोकळा करा. चांगलं कुजलेलं शेणखत जमिनीतल्या झाडाला अर्धी ते एक पाटी, कुंडीला दोन-तीन ओंजळी द्या. सोबत दोन मुठी निंबोळी पेंड. मग भरपूर पाणी द्या. कच्चं शेण घालू नका, वाळवी आणि हुमणी येते.

आठ ते बारा दिवस : डोळे फुगून तांबूस फूट दिसायला लागते. एका डोळ्यातून दोन-तीन फुटवे आले तर एकच जोमदार ठेवा. फूट दिसेपर्यंत रासायनिक खत देऊ नका.

तिसरा आठवडा : १५:१५:१५ खत जमिनीतल्या झाडाला दोन चमचे, कुंडीला अर्धा चमचा, खोडापासून वीतभर (कुंडीत कडेने) टाकून मातीत मिसळा आणि पाणी द्या. नुसता युरिया मारला तर झाड हिरवंगार दिसतं, पण फूट लुसलुशीत होते आणि मावा जमतो.

चौथा-पाचवा आठवडा : कळ्या दिसतात. मावा दिसला तर आधी पाण्याचा फवारा, मग पाच टक्के निंबोळी अर्क. पानांवर पीठ टाकल्यासारखं दिसलं तर ती भुरी. थंडी-दवाच्या दिवसांत ती येते, तिला पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, प्रमाण पाकिटावरचं पाळा. पाणी नेहमी बुडाशी आणि सकाळी द्या, पानांवर संध्याकाळी मारू नका.

४५ ते ५० दिवस : पहिला बहर. फूल सुकलं की दांडी तशीच ठेवू नका. फुलाखाली पाच पानांची पहिली दांडी बघा आणि तिच्या थोडं वर कापा. अशी काळजी घेतली तर पुढचा बहर साधारण दीड महिन्याने येतो आणि हे चक्र फेब्रुवारीपर्यंत चालतं.

सणासाठी फुलं हवीत? उलटे दिवस मोजा

हव्या त्या तारखेतून ५० दिवस मागे जायचं. १५ ऑक्टोबरला छाटलं तर ४ डिसेंबरच्या आसपास फूल, २५ ऑक्टोबरला छाटलं तर १४ डिसेंबरच्या आसपास. मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेला याच बहराची फुलं मिळतात.

२६ जानेवारीला फुलं हवी असतील तर ७ डिसेंबरच्या सुमारास आणि १४ फेब्रुवारीसाठी २६ डिसेंबरच्या सुमारास फांद्यांचे शेंडे कापा. ही दुसरी छाटणी हलकी असते. मुख्य छाटणीनंतर आलेल्या फांदीचा वरचा भाग पाच पानांच्या टपोऱ्या डोळ्यापर्यंत घ्यायचा, जुन्या लाकडात जायचं नाही.

कडावच्या बाल दिगंबर गणेशाला माघी चतुर्थीला घरचं फूल वाहायचं असेल तर कॅलेंडरमध्ये ती तारीख बघा आणि ५० दिवस मागे खूण करून ठेवा. तिथी दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत पुढे-मागे होते, म्हणून खूणही दरवर्षी नवी करावी लागते. सगळी झाडं एकाच दिवशी कापू नका. चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन टप्पे केले तर थंडीमुळे चार दिवस इकडेतिकडे झाले तरी फूल हाती लागतं. कर्जतहून लोकलने दादर-कल्याणच्या बाजारात फुलं नेणाऱ्यांनाही टप्प्याने छाटलेलं बरं. माल एकदम निघत नाही आणि भाव पडला तरी सगळा माल त्यात सापडत नाही.

महिनावार कामं

• जानेवारी : सुकलेली फुलं काढणे, भुरीवर लक्ष, महिन्याला एकदा थोडं खत.
• फेब्रुवारी : शेवटचा चांगला बहर. वेली गुलाबाच्या फुललेल्या बाजूच्या फांद्या छाटणे.
• मार्च-एप्रिल : बुडाला भाताचा पेंढा अंथरणे, दुपारची सावली, लाल कोळी दिसल्यास पानांच्या खालून सकाळी पाण्याचा फवारा.
• मे : शेवटच्या आठवड्यात साफसफाई, आतली गर्दी काढणे, एक टक्का बोर्डोची फवारणी. बुडाशी पाणी साचू नये म्हणून मातीची भर आणि चर. पेंढा काढून टाकणे.
• जून ते सप्टेंबर : कात्री बंद. कुंड्या विटांवर उचलणे, कुंडीखालच्या ताटल्या काढणे, गळलेली पानं रोज वेचणे, खुंटाचे फुटवे ओढणे. नवी रोपं लावणे.
• ऑक्टोबर : उघडीप बघून पाणी तोडणे, मुख्य छाटणी, मलम, शेणखत.
• नोव्हेंबर : राहिलेली छाटणी, फुटवे विरळणे, खत.
• डिसेंबर : पहिला बहर, हलकी छाटणी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

छाटलेल्या काड्या लावल्या तर येतात का?
गावठी गुलाबाच्या चांगल्या येतात. पेन्सिलएवढी जाड, सहा-आठ इंच लांब, तीन-चार डोळ्यांची काडी घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरका, म्हणजे उलटं-सुलटं कळतं. दोन डोळे मातीत, सावलीत ठेवा. हायब्रीड टीची काडी कधी लागते, पण स्वतःच्या मुळावर ते झाड सहसा नाजूक राहतं. म्हणूनच नर्सरीवाले कलम करतात.

छाटणी केली आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला, काय करू?
घाबरू नका. पाऊस थांबल्यावर कापांवर पुन्हा मलम लावा आणि एक टक्का बोर्डो फवारा. पाऊस चालू राहिला तर उरलेल्या झाडांना हात लावू नका.

ऑक्टोबरची वेळ चुकली. आता डिसेंबर आहे. पुढच्या वर्षापर्यंत थांबू?
डिसेंबरअखेरपर्यंत हलकी-मध्यम छाटणी चालते, फेब्रुवारीत फुलं मिळतील. जानेवारीच्या मध्यानंतर मात्र फक्त साफसफाई करा.

दोन वर्षं छाटलंच नाही, झाड आठ फूट गेलंय. एकदम खाली आणू?
एकदम नको. यंदा निम्म्या जुन्या फांद्या, पुढच्या ऑक्टोबरला उरलेल्या.

झाड पूर्ण काळं पडलंय. मेलं का?
बुडाजवळ नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. हिरव्या भागापर्यंत कापा, मलम लावा, पाणी बेताचं द्या आणि महिनाभर वाट बघा.

फार्महाऊसवर बाग सांभाळणाऱ्यांसाठी

आपल्या भागातले बरेच तरुण आणि महिला फार्महाऊसवर माळीकाम करतात. मालक शहरातून फोनवर सांगतात, "पाहुणे येणार आहेत, ऑगस्टमध्येच गुलाब छाटून घ्या." झाड मेलं की बोल मात्र माळ्याला लागतो. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा दोन गोष्टी करा. एक, छाटणीची तारीख, फांदीचा फोटो आणि पहिल्या फुलाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. दोन वर्षांत तुमच्याकडे त्या बागेचं स्वतःचं वेळापत्रक तयार होईल आणि तुमचा शब्द वजनदार होईल. दोन, पावसाळ्यात बाग नीटनेटकी दिसावी म्हणून वाळकं आणि काळी पानं काढून द्या, तेवढ्यानेही झाड स्वच्छ दिसतं. मोकळं खोडकं करून देऊ नका.

रोग ओळखता येत नसेल तर बाधित पान आणि फांदी पिशवीत घालून गावच्या कृषी सहायकाला किंवा तालुका कृषी कार्यालयात दाखवा. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या मोफत क्रमांकावरही मराठीत विचारता येतं. औषध घेताना दुकानदाराला "गुलाबावर, काळे ठिपके" किंवा "गुलाबावर, भुरी" असं नेमकं सांगा. "काहीतरी चांगलं द्या" म्हटलं की पैसे जातात आणि रोग तिथंच राहतो.

यंदा भात घरात आलं की एक सकाळ गुलाबासाठी काढा. पाच झाडांना दोन तास पुरतात.